सागालाही फुलं येतात!

मृग लागला की सगळ्या नागपूरला मातीच्या वासाची आस लागते. आम्हा लकडगंजवाल्यांना मात्र पहिल्या पावसाचा वेगळाच वास येतो, ओल्या लाकडाचा! आमच्या वस्तीचं नावच लाकडाच्या बाजारावरून पडलेलं. आरागिरण्यांबाहेर रचलेले ओंडके, फळ्यांच्या थप्प्या, कडेला साचलेला भुसा... यावर पहिली सर पडली की सागवानाचा असा काही दरवळ सुटतो, की क्षणभर वाटावं, आपण एखाद्या जंगलातच उभ्या आहोत. मग लक्षात येतं, जंगल कुठलं? हे तर कापून आणलेलं जंगल!

विदर्भाच्या सागाचं कौतुक आपल्याला आहेच. आलापल्लीचा साग नावाजलेला. २०२३ साली दिल्लीत उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनासाठी सागवान गेलं ते नागपूरहून. अयोध्येच्या राममंदिरासाठीही त्याच वर्षी चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग बल्लारपूरहून वाजतगाजत रवाना झाला. पण ज्या सागाची आपली दारं, पलंग आणि देव्हारे, तो साग पावसात भिजत उभा असताना आपल्यापैकी किती जणींनी पाहिला आहे? आमच्या सासूबाई लग्न होऊन लकडगंजात आल्या, त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. लाकडाच्या वासावरून त्या जात ओळखतात, पण सागाचं झाड त्यांनी पाहिलं ते एसटीच्या खिडकीतून, तेही उन्हाळ्यात माहेरी जाताना, निष्पर्ण.

आपल्याकडचा उन्हाळा काही सांगायला नको. नवतपा संपेपर्यंत जीव नकोसा झालेला असतो. कूलरची घरघर, पाण्याचे ड्रम, वाळवणं, कुरड्या-पापड, लग्नसराई आणि मुलांच्या सुट्ट्या. जूनच्या मध्याला पाऊस येतो, आणि घरात एकच जल्लोष होतो. मुलं गच्चीवर धावतात, पुरुषमंडळी दारात येऊन उभी राहतात, आणि आपण? आपण आधी दोरीवरचे कपडे काढतो. मग वाळवणाचे डबे आत घेतो. आणि तेवढ्यात आतून हाक येतेच, "पाऊस आला न बाप्पा, भजे होऊन जाऊ दे!"

मैत्रिणींनो, भजे तळायला माझी ना नाही. मलाही आवडतात. पण शेवटच्या तुम्ही पावसात कधी भिजलात, आठवा बरं. बाजारातून येताना छत्री नव्हती म्हणून नव्हे, मुद्दाम, मनापासून? मी हा प्रश्न आमच्या मंडळात विचारला, तर बऱ्याच जणींना लग्नाआधीचं वर्ष आठवलं. एक म्हणाली, "मला तर शाळाच आठवते."

आपल्या जवळच रामटेक आहे. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी अभ्यासाने मांडलं. टेकडीवर कालिदासाचं स्मारक आहे, १९९७ साली त्याच्या नावाने संस्कृत विद्यापीठही सुरू झालं. आषाढ लागला की आपल्याकडे ‘मेघदूता’ची आठवण निघतेच. मला त्या काव्यात एक गोष्ट नेहमी जाणवते. यक्ष डोंगरावर आहे, त्याला ढग दिसतो, त्याच्याशी तो बोलतो. त्याची बायको मात्र दूर अलकानगरीत घरात बसून दिवस मोजते आहे. पाऊस त्याच्यासाठी बोलायला आहे, तिच्यासाठी वाट बघायला! पण त्याच काव्यात खेड्यातल्या बायकाही आहेत. त्या मान वर करून ढगाकडे डोळे भरून बघतात, कारण त्यांचं पीक त्याच्यावर अवलंबून आहे. आपल्याला नेहमी यक्षाची बायको आठवते. त्या शेतातल्या बायका कोणाच्या ध्यानात नसतात.

खरं म्हणजे आपले पावसाळ्यातले सण बाईला घराबाहेर काढणारेच होते. नागपंचमीला झाडाला झोके बांधायचे, वारुळापर्यंत जायचं. पोळ्याला पळसाच्या फांद्या, आपल्याकडे ज्यांना मेढे म्हणतात, त्या दारात लावायच्या आणि दुसऱ्या दिवशी मारबतीसोबत ईडापीडा म्हणून गावाबाहेर नेऊन टाकायच्या. आमच्या इतवारी-लकडगंजच्या बाजूला तर मारबतीचा केवढा थाट! काळी मारबत १८८१ पासूनची आणि पिवळी १८८५ पासूनची. त्याच दिवशी तान्हा पोळा. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी तो १८०६ साली सुरू केला, असं नागपुरात सांगतात. लहान पोरं लाकडाचे बैल सजवून निघतात. त्या बैलांचं लाकूडही रानातलंच.

आणि त्यानंतर दोनच दिवसांनी येते हरतालिका. हा उपवास आपण किती निगुतीने करतो! पाणीही न पिता. पण कहाणी काय आहे? वडिलांनी पार्वतीचं लग्न विष्णूशी ठरवलं. तिच्या मनात शंकर होता. मग तिच्या सखीने काय केलं? तिला समजावत बसली नाही, "घरच्यांचं ऐक" असंही म्हणाली नाही. तिला घेऊन सरळ दाट रानात निघून गेली. भाद्रपदात, ऐन पावसाळ्यात! तिथे नदीकाठी पार्वतीने वाळूचं लिंग केलं, मिळेल ती पानंफुलं वाहिली. सखीने नेली म्हणून हरितालिका. म्हणजे दोघी मैत्रिणी पावसाळ्यात रानात गेल्या, त्याचा हा सण. आणि आपण तो साजरा करतो चार भिंतींच्या आत, बाजारातून पत्रीचा जुडगा विकत आणून! त्यातलं कुठलं पान कशाचं, हे दुर्वा आणि बेल सोडले तर आपल्याला सांगता येईल का?

आजही बाई पावसात रानात जाते, नाही असं नाही. नागपंचमीच्या आधी विदर्भातून हजारो माणसं पचमढीजवळ नागद्वारच्या यात्रेला जातात. त्यात बायकाही असतात. सातपुड्याच्या जंगलातून, चिखलातून, डोंगर चढत-उतरत, भिजत चालतात. तेव्हा कोणी म्हणत नाही, "या वयात कुठे निघाली?" देवाच्या नावाने परवानगी मिळते, आनंदाच्या नावाने मिळत नाही. बाईने नुसतं "मला पाऊस बघायला रानात जायचं आहे" असं म्हटलं, की घरात सगळे तोंडाकडे बघत राहतात.

म्हणून काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने ठरवलं, वर्षासहल काढायचीच, आणि रानातच काढायची. पण पहिल्या सहलीत आम्ही जे केलं, ते सांगायला आज लाज वाटते. तरी सांगते, कारण त्याशिवाय माझं म्हणणं पुरं होणार नाही.

आषाढातली गोष्ट. भाड्याची बस केली. चाळीसेक बायका. देवलापारच्या पुढे जंगलाला लागून असलेल्या एका गावाच्या शिवारात नाल्याकाठी उतरलो. सगळीकडे हिरवंगार. कुडा पांढऱ्या फुलांनी भरलेला, सागाची नवी पानं सुपाएवढी, कुठूनतरी पावशा ओरडत होता. आम्ही काय केलं? सोबत आणलेला मोठा स्पीकर लावला. गाणी, नाच, अंताक्षरी. थर्माकोलच्या ताटल्यांत पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. पाऊस आला तशा सगळ्या किंचाळत भिजल्या. खोटं कशाला बोलू, फार मजा येत होती.

तेवढ्यात गावाकडून एक म्हातारी बाई लगबगीने आली. डोक्यावर प्लास्टिकच्या पोत्याची खोळ, हातात काठी. आम्हाला वाटलं, खाऊ मागायला आली असेल. एकीने पुरीची ताटली पुढे केली. तिने ती घेतली नाही. म्हणाली, "ते गाणं बंद करा न बाई. आमच्या बाया रानात हायेत. सात्या पाहाले गेल्या. एकमेकीले आवाज देऊन राहिल्या असतीन. वाघ निंघाला तर एकीचा आवाज दुसरीले आला पाहिजे."

स्पीकर बंद केला. पाऊस पानांवर वाजत होता, एवढाच आवाज राहिला. आणि मग खरंच, लांबून, झाडांच्या आतून एक हाक आली. थोड्या वेळाने दुसरी, तिसऱ्याच बाजूने. म्हातारी कान देऊन ऐकत होती. मनातल्या मनात मोजत असावी. मग तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. आमच्यातली एकही काही बोलली नाही.

सात्या म्हणजे पावसाच्या सुरुवातीला रानात उगवणाऱ्या अळंब्या. आपण त्या बाजारात घासाघीस करून घेतो. काटवलं, तरोट्याची कोवळी पानं, बांबूचे कोंब म्हणजे वास्ते, कुड्याची फुलं. उन्हाळ्यात मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपानं, पावसाळ्यात या भाज्या. जंगलातल्या बाईचं वर्ष असं जातं. आपण ज्याला निसर्गाचा आनंद म्हणतो, ते तिचं रोजचं काम आहे, आणि जिवावरचं काम आहे. २०२५ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं गोळा करायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी गेल्या. ही बातमी आपण वाचली, हळहळलो आणि पान उलटलं. पण त्या दिवशी नाल्याकाठी ऐकलेल्या हाका आठवल्या की माझ्या अंगावर आजही काटा येतो. आमच्या गाण्यात त्यातली एखादी हाक बुडाली असती तर?

आता कोणी म्हणेल, मग जाऊच नये ना! ज्या रानात कोणी पोटासाठी जीव धोक्यात घालते, तिथे आपण मजा करायला कशाला जायचं? मलाही परत येताना बसमध्ये असंच वाटलं होतं. पण विचार करता करता मत बदललं. आपण नागपूरकर जे पाणी पितो, त्यातलं बरंचसं पेंच नदीचं. तोतलाडोहच्या धरणात साठतं आणि आपल्या नळाला येतं. ते पाणी आधी त्या जंगलावर पडलेलं असतं. पानांवर, पाचोळ्यावर पडून, जमिनीत मुरून, सावकाश नाल्यांना लागलेलं असतं. जंगल नसेल तर तेच पाणी माती घेऊन धावत सुटतं. म्हणजे आपला रोजचा स्वयंपाक त्या रानाच्या पावसावर चालतो. ज्याच्या जिवावर घर चालतं, ते आपण एकदाही पाहिलेलं नाही, ही काही अभिमानाची गोष्ट नाही. आणि न पाहिलेल्या गोष्टीसाठी कोणी भांडत नाही. उद्या रस्त्यासाठी, खाणीसाठी झाडं तुटली, तर ज्या बाईने ते रान पावसात पाहिलं आहे, तीच तोंड उघडेल.

तेव्हा जायचं. बाईने तर जायचंच. पण कसं जायचं, हा खरा प्रश्न आहे. माझं म्हणणं इतकंच, पाहुणी म्हणून जायचं. पाहुणीला घरची रीत पाळावी लागते. ती दुसऱ्याच्या घरात मोठ्याने रेडिओ लावत नाही, कचरा टाकून येत नाही, आणि विचारल्याशिवाय परसातलं काही तोडत नाही.

पुढल्या श्रावणात आम्ही पुन्हा त्याच गावी गेलो. या वेळी अकराच जणी, दोन गाड्या. आधी निरोप पाठवला होता. गावातल्या बचत गटाच्या बायकांनी जेवण रांधलं, काटवलाची भाजी, तरोट्याची भाजी, ज्वारीची भाकरी, ठेचा. पळसाच्या पानांच्या पत्रावळी. आम्ही ठरल्याप्रमाणे पैसे दिले, उपकार म्हणून नाही, जेवणाचे. त्या म्हातारीने आम्हाला गावालगतच्या पायवाटेने थोडं आत नेलं. कुठली अळंबी खायची आणि कुठलीला हातही लावायचा नाही, ते दाखवलं. आमच्यातल्या एकीने विचारलं, "हे सगळं तुम्हाला कोणी शिकवलं?" ती म्हणाली, "मायनं. तिले तिच्या मायनं." आपल्याला आपल्या आयांनी असं काय शिकवलं, यावर येताना गाडीत बराच वाद रंगला!

ज्या जणी जायचं ठरवतील, त्यांना चार अनुभवाच्या गोष्टी सांगते. व्याघ्र प्रकल्पांचा आतला गाभा पावसाळ्यात, साधारण १ जुलै ते ३० सप्टेंबर, पर्यटकांसाठी बंद असतो. वाटा चिखलाच्या होतात आणि जनावरांनाही निवांतपणा हवा असतो. तेव्हा तिथे ओळखीने आत शिरायचा हट्ट नको. बाहेरच्या बफर भागातली काही फाटकं पाऊस बघून सुरू ठेवतात, तिथे चौकशी करून जावं. रामटेकची टेकडी, खिंडसीचा तलाव हे तर कोणालाही जमण्यासारखं. आभाळ गडगडायला लागलं की झाडाखाली उभं राहू नये, पक्क्या इमारतीत किंवा गाडीत जाऊन बसावं. विदर्भात विजेने दरवर्षी माणसं दगावतात. धरणाच्या सांडव्यावर फोटोसाठी उतरू नये. पायात बूट असावेत, कारण पावसाळ्यात साप बाहेर असतात. अळंबी स्वतःच्या हुशारीने तोडून खाऊ नये. आणि सोबत गावातली एखादी जाणती बाई असावी. तिला तिच्या वेळेचे पैसे द्यावेत.

एक मागणीही आहे, आणि ती मी ठासून करणार आहे. आपल्या बायका सहलीला का जात नाहीत, याचं पहिलं कारण नवरा नाही की सासू नाही. स्वच्छतागृह नाही, हे पहिलं कारण! कित्येक जणी सकाळपासून पाणी न पिता निघतात. जिथे तिकीट फाडलं जातं, त्या प्रत्येक फाटकावर बायकांसाठी स्वच्छ, पाणी असलेलं आणि कडी लागणारं स्वच्छतागृह असलंच पाहिजे. त्याची देखभाल गावातल्या बचत गटाला द्या, त्यांनाही काम मिळेल. ताडोब्याला आता बायका गाईड म्हणून काम करतात, जिप्सीही चालवतात. हे अजून वाढायला हवं. रानाची सगळ्यात जास्त माहिती ज्यांना आहे, त्यांनी फक्त मोळ्या आणि टोपल्याच का वाहाव्यात?

यंदाच्या हरतालिकेसाठी आमच्या गल्लीतल्या सहा-सात जणींनी एक ठरवलं आहे. पत्री विकत आणायची नाही. आदल्या दिवशी दोघी-दोघींनी मिळून निघायचं, जिथे झाडं असतील तिथे जायचं, एकेक पान ओळखायचं आणि जेवढं पूजेला लागतं तेवढंच, विचारून घ्यायचं. मुलींनाही सोबत न्यायचं. कहाणी वाचताना सखीने पार्वतीला रानात नेलं, हे वाक्य आलं की त्यांना निदान रान म्हणजे काय ते ठाऊक असावं. तुम्हीही करून बघा. मोठं जंगल जवळ नसेल, तर गावाबाहेरचा नाला असेल, टेकडी असेल. मैत्रीण मात्र सोबत हवी.

त्या श्रावणातल्या सहलीला सासूबाईही आल्या होत्या. आधी नाहीच म्हणत होत्या. गुडघे दुखतात, पाऊस आहे, घरी कोण बघेल, सगळं सांगून झालं. शेवटी मीच म्हटलं, "आई, घर एक दिवस आपोआप चालते. चला." पायवाटेवर त्या हळूहळू चालत होत्या. सर येऊन गेलेली. सागाच्या पानांची किड्यांनी ठिकठिकाणी जाळी केलेली, पण शेंड्यांवर पांढुरक्या, बारीक फुलांचे तुरेच्या तुरे. त्या मान वर करून बराच वेळ बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "सागालेबी फुलं येतेत काय व?"

पन्नास वर्षं लकडगंजात राहिलेल्या बाईने हे विचारलं! मी हसणार होते, पण हसू आलं नाही. कारण मलाही ते त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

खाली चिखलात काही फुलं गळून पडली होती. त्यांनी त्यातली चार उचलली, पदराच्या टोकाला बांधली आणि घरी आल्यावर देवापुढे ठेवली. आमचा देव्हारा सागाचाच आहे.